भोवराबाई आणि लाल ठिपके

आमच्या बाईंना खुर्चीचं वावडं होतं. परळच्या प्रयोगशाळेत त्यांना चांगली फिरती खुर्ची मिळाली होती, पण तिच्यावर कायम आम्हा विद्यार्थ्यांचे डबे. बाई जेवायच्या उभ्यानं, वाचायच्या येरझाऱ्या घालत. पाठीमागे आम्ही त्यांना भोवराबाई म्हणायचो. मी जरा टेकले की त्यांची मालवणी बाहेर यायची, "अगो, बसलंस कित्याक? मेल्यार आडवा पडूचाच आसा!"

बाई प्रिऑनवर काम करत. प्रिऑन म्हणजे घडी बिघडलेलं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं वळवतं, ते पुढच्याला, आणि बिघाड वाढत जातो. हे त्यांनी मला शिकवलं लालबागला, गणपतीच्या रांगेत. एक गृहस्थ चुकीच्या गल्लीत वळले आणि मागची सगळी रांग त्यांच्यामागे गेली. बाई रांग सोडून टाळ्या पिटायला लागल्या. "बघ, बघ! मला यात एक अडेलतट्टू हवाय. स्वतः वळणार नाही, मागच्यांनाही वळू देणार नाही!" दर्शन राहिलं ते राहिलंच.

तो अडेलतट्टू आम्ही यीस्टमध्ये शोधत होतो. प्रथिनाच्या माळेतला एखादा मणी बदलायचा आणि बशीत यीस्टचे ठिपके वाढू द्यायचे. पांढरे आले तर प्रिऑन वाढतोय, लाल आले तर थांबला. वर्षानुवर्षं पांढरेच येत होते. बाई बशी उजेडात धरायच्या, "पांढरे. टाक," म्हणायच्या आणि पुढच्या बशीकडे वळायच्या.

एवढी घाई कशाची, ते मला उशिरा कळलं. त्यांचे वडील प्रिऑनच्या रोगानं गेले होते, मागोमाग थोरला भाऊ. रोग घराण्यात उतरत आलेला. तपासणी करून घ्या, असं मी एकदा धीर करून म्हटलं.

"कळून करू काय? आणखी जोरात चालू?" मग खिडकीशी थबकून म्हणाल्या, "यीस्टमध्ये जमलं म्हणून मी वाचणार नाही, तेवढी खुळी नाही मी. पण कामात माझी पहिली चूक दिसली की तू तोंडावर सांगायचं. बाकीचे भिडेखातर गप्प बसतील."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नसे. त्यांच्या हातून साधं झाकण पडलं तरी मी त्यांच्या बोटांकडे बघत राहायचे.

एका सकाळी त्यांनी बशी उजेडात धरली. "पांढरे. टाक."

ठिपके लाल होते. आम्हाला हवं होतं ते मिळालं होतं आणि बाईंना ते दिसत नव्हतं. या रोगात कधीकधी आधी रंगच जातात, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "लाल आहेत."

त्यांनी बशी फिरवून पाहिली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे डोळे वाहत होते.

"थांबला म्हणजे!" बाई ओरडल्या. माझे दोन्ही हात घट्ट धरून त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कसला लाल गो? नीट सांग."

"डाळिंबाच्या दाण्यासारखा."

पुढे आजारात त्यांचं बोलणं बंद पडेपर्यंत, मी भेटायला गेले की बाई तेवढंच विचारायच्या, आणि मी सांगायचे.