काट्याशी बोलणारी लायब्ररी

नव्वदच्या दशकात चिंचणीहून बोईसरच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली बहुतेक पॅकिंगला किंवा लॅबमध्ये असत. मी कॉम्प्युटरवर होते. वडिलांच्या नारळ-केळीच्या वाडीत याचा कुणाला काही उपयोग नव्हता, पण पाहुणे आले की आई ते आवर्जून सांगायची.

आमचा कारखाना कापड रंगवायची पूड बनवायचा. भरलेला प्रत्येक ड्रम इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढायचा, एक माणूस आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसरा तो ब्रशने ड्रमवर लिहायचा. परदेशी गिऱ्हाईक ब्रशचे आकडे चालवून घेईना. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, वजन काट्यावरून सरळ कॉम्प्युटरात यायला हवं आणि लेबल छापून बाहेर पडायला हवं." ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच होते.

मी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचे. त्यात खिडक्या नि बटणं छान काढता येत, पण कॉम्प्युटरच्या पाठीमागे जिथे काट्याची वायर येते तिथलं काही वाचायची सोय आमच्याकडच्या बेसिकमध्ये नव्हती. ते काम विंडोजची स्वतःची फंक्शनं, म्हणजे आत तयार असलेले छोटे प्रोग्रॅम, करत. त्यांना बेसिकमधून हाक मारायची तर फंक्शनचं नेमकं नाव, ते कोणत्या फाइलीत आहे, त्याच्या हातात काय आणि कोणत्या मापाचं द्यायचं, हे सगळं अचूक सांगावं लागे. एक शब्द चुकला की मशीन जागच्या जागी थिजायचं. मुंबईतला एक दुकानदार ही सगळी जोडणी आधीच करून ठेवलेला तयार संच फ्लॉपीवर विकत असे, त्याला लायब्ररी म्हणत. ती आणली. आता मी माझ्या प्रोग्रॅममधून लायब्ररीला 'वाच' म्हणायचं, तिने विंडोजला सांगायचं आणि आकडा माझ्या पडद्यावर यायचा.

पहिलं लेबल बाहेर आलं त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात पडदा गोठला. माऊस हलेना, कीबोर्डवरची बटणं दाबली तरी काही होईना. पॅकिंगचा सुपरवायझर, बिहारकडचा शांत माणूस, ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, अटक गया."

मग ते रोजचंच झालं. कारण मला लवकरच कळलं. व्होल्टेज पडलं किंवा कुणी काट्याचं बटण बंद केलं की काटा गप्प व्हायचा. लायब्ररी मात्र पुढच्या आकड्याची वाट बघत बसायची आणि माझ्या प्रोग्रॅमकडे परतच यायची नाही. त्या वेळच्या विंडोजमध्ये एकाने असं धरून ठेवलं की बाकी सगळं ठप्प. मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, शेवटचा ड्रम कोणता ते शोधून तिथून पुढे चालू करायचं. हे माझ्याशिवाय कुणाला जमत नव्हतं आणि तोवर ड्रमांची रांग दारापर्यंत जायची.

साहेबांनी माझं टेबल पॅकिंग हॉलमधल्या काचेच्या केबिनमध्ये हलवलं. त्या महिन्यात पिवळा रंग चालू होता. माझी ओढणी, डब्याचं झाकण, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं झालं. जेवायला कँटीनमध्ये गेले की कुणीतरी बोलवायला यायचं, म्हणून मी केबिनमध्येच जेवायला लागले. रजा मागितली की साहेब नम्रपणे विचारायचे, "त्या दिवशी अडकलं तर?" माणूस वाईट असता तर मला भांडता आलं असतं.

लायब्ररी बंद पेटीसारखी होती, आत काय लिहिलंय ते दिसत नसे. एसटीडी बूथवरून दुकानदाराला फोन लावला, तर त्या नंबरवर आता घड्याळं विकत होते.

पुढे सुट्टीच्या दिवशीही कारखान्याची जीप घरी यायला लागली. चुलतबहिणीच्या हळदीच्या दिवशी मी तिच्या गालाला हळद लावत होते, तेवढ्यात कुंपणापाशी हॉर्न वाजला. आई म्हणाली, "गाडी आली तुजी. जेवून तरी जा." मी हात तसेच पुसून जीपमध्ये बसले. बहिणीने मान वळवून पाहिलं.

पुण्यात एका कंपनीत नोकरीचं जमत होतं. मी साहेबांना सांगितलं.

"अवश्य जा," ते म्हणाले. "फक्त हे एवढं सुरळीत करून जा. मी अडवणार नाही."

मी त्या शब्दाला धरून कामाला लागले. पालघरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे विंडोजच्या फंक्शनांचा जाडजूड ग्रंथ होता. त्यात शोधता शोधता एक फंक्शन सापडलं. वायरवरून आलेली किती अक्षरं वाचायची शिल्लक आहेत, तेवढंच ते सांगायचं. शून्य असतील तर वाचायला जायचंच नाही. लायब्ररीने हे फंक्शन वापरलेलंच नव्हतं. मी लायब्ररी बाजूला ठेवली आणि जोडणी स्वतः लिहायला घेतली. हातात द्यायच्या वस्तूचं माप पुन्हा पुन्हा चुकायचं, मशीन मरायचं, मी ते उठवायचे. रडू यायचं, पण काचेची केबिन होती, सगळ्या हॉलला दिसलं असतं.

अखेर एका दुपारी मी चालू प्रोग्रॅममध्ये वायर उपटली. पडद्यावर 'काटा बंद आहे' असं आलं आणि माऊस हलत राहिला. वायर लावली, आकडा परत आला. मी पुन्हा उपटली, पुन्हा लावली. सुपरवायझर काचेबाहेरून बघत होता. आत येऊन म्हणाला, "अब नहीं अटकेगा?"

"नहीं."

तो हसला. साहेबांनाही खूप आनंद झाला. इतका की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, दुसऱ्या प्लांटलाही हेच बसवायचं.

"सर, तुम्ही जा म्हणाला होतात."

"मी कुठे अडवतोय? पण तुम्ही गेलात आणि बिघडलं, तर मी कुणाला बोलावू? तुम्हीच सांगा."

मी दुसऱ्या प्लांटचं काम हातात घेतलं. तिथला काटा वेगळ्या कंपनीचा निघाला, त्यात वर्ष गेलं. पुण्याची ती जागा भरली गेली.

एका रविवारी दुसऱ्या प्लांटसाठी जीप आली तेव्हा आई मासळी साफ करत होती. मी चप्पल शोधायला लागले. ती मान वर न करता म्हणाली, "किती दिस जानार अशी?"

"माझ्याशिवाय त्यांना कुणी नाही गं."

"तू गेल्यावर कोनाला बोलवायचं ते त्यांनी बघायचं. तू कशाला बघतेस? तुजा पगार त्याचा हाय का?"

मी त्या दिवशी गेले. परत येताना जीपमध्ये मात्र तिचं ते बोलणंच डोक्यात होतं. सोमवारी राजीनामा दिला आणि साहेबांनी काही विचारायच्या आत केबिनमधून बाहेर आले. 

महिनाभराने पुण्यात दुसरी नोकरी मिळाली. मावशीकडे राहायचे, तिथला नंबर साहेबांनी घरी जीप पाठवून मागून घेतला होता. सुरुवातीला कारखान्यातून फोन वरचेवर यायचे, नुसता प्रिंटर अडला तरी. मी ऑफिसातून थकून यायचे आणि फोनवरून पॅकिंगच्या माणसांना कोणतं बटण दाबायचं ते सांगत बसायचे. मावशी वैतागायची. 

मग एकदा स्वतः साहेबांचा फोन आला. आवाज मोकळा होता. "मॅडम, आता तुम्हाला त्रास नाही. लेबल छापणारा तयार काटाच मिळतो बाजारात. आणला दोन्हीकडे."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुमचा कॉम्प्युटर अकाउंट्सला दिला."

त्यांनी तब्येतीची चौकशी केली, आईला नमस्कार सांगितला. फोन ठेवल्यावर मावशीने विचारलं, "काय अडलं होतं आता?"

"काही नाही," मी म्हटलं. सुटल्याचं वाटत होतं. आणि थोडं वाईटही वाटत होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.