मडमेचं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जवळा निवडला. संध्याकाळी, दारात बसून. मधेच बायको म्हणाली, "उद्या ती बाई आली की आठवणीने विचारा. मडमेचा नवरा आधी गेला, का तिच्या मागनं?"

बाळकुमला आमच्या शेताच्या बांधावर एका इंग्रज बाईची कबर आहे, माझ्या आजोबांच्याही आधीची. शेत गेलं, टॉवर झाले, कबर कंपाउंडच्या भिंतीला लागून राहिली. पितृपक्षात नवमीला सवाष्ण गेलेल्या बायकांची पानं वाढतात, तेव्हा माझी आई मडमेचंही वाढायची. तिचं इथे कोण आहे, म्हणून. आईनंतर बायको वाढायला लागली. वर कबरीला हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. मडम सवाष्ण गेली हे आईला कोणी सांगितलं, देव जाणे.

त्या आठवड्यात मडमेची खापरपणती घराण्याचा शोध घेत विलायतेहून आलेली. सोबत बोलणं समजावायला ठाण्याची एक मुलगी. तेव्हापासून बायकोच्या जिवाला घोर. मडम विधवा असली तर आपण तिला भलत्याच दिवशी जेवायला घातलं.

मी म्हणालो, "एवढ्या वर्षांत तिने तक्रार केली का?"

"तुम्ही तरी माझ्या जेवणाची कुठे केली? म्हणून काय सगळं चांगलंच होतं?"

पहाटे तिच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत संपलं. बायकांनी मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं. म्हणाल्या, नशीबवान, सवाष्ण गेली. मला ते ऐकवेना. ती इंग्रज बाई आली, मागे उभी राहून गेली. दुपारी आम्ही पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कबरीकडे गेलो. दोघी तिथेच होत्या. बायकोचा प्रश्न मी विचारला, नवमीच्या पानाचंही सांगितलं. मुलीने उत्तर सांगितलं. नवरा ठाकुर्लीला रेल्वेच्या कामावर असताना तापाने गेला. मडम त्यानंतर वर्षभराने. पोरं विलायतेत आजीकडे वाढली.

म्हणजे विधवाच.

"मग काका, आता दिवस बदलणार?" मुलगी म्हणाली.

आता नवमीला बायकोचंही पान वाढायचं, मी जिवंत आहे तोवर. त्या पंगतीत तिच्या ओळखीचं कोण? माझी आई, तीही सवाष्ण गेलेली, तर दोघींचं कधी पटलं नाही. राहिली मडम.

"नाही बदलणार," मी म्हणालो. "हिला सांग, तुझी आजी नवमीलाच जेवेल, माझ्या बायकोच्या शेजारी. रांधायला मी आहे. भात तेवढा येतो मला."