नारळ उभा राहिला तिथं

शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली, की दगडाच्या कोरड्या पिठाचा वास घरात येतो आणि मी चाकूरजवळच्या त्या शेतात जाऊन उभी राहते.

नांदेडहून भूशास्त्रात एम.एस्सी. करून बोअरसाठी पाणी शोधून देणाऱ्या कंपनीत धरलेली पहिली नोकरी. सकाळभर उन्हात तारा ताणून, यंत्र लावून मी सांगितलं, "खाली अखंड कातळ आहे. पाणी नाही." शेतमालक आप्पांनी ऐकून घेतलं आणि पाणी बघायला आमच्या साहेबांच्या हातात नारळ दिला. तळहातावर आडवा धरलेला नारळ बांधाजवळ उभा राहिला. गाडी तिथंच लागली.

आप्पांची बारावीतली मुलगी हळूच माझ्याजवळ आली. "ताई, हे शिकायला काय काय लागतंय?"

मी हौसेनं सांगत बसले. डिग्री, नकाशा वाचणं, दगड ओळखणं, उन्हात चालणं. दुपार कलली तरी बोअरमधून नुसतं राखाडी पीठ उडत होतं. आप्पांच्या मिशाही त्यानं माखल्या.

"बाई, तुझंच खरं निघालं," ते म्हणाले. मला बरं वाटलं. मग ते मुलीकडं वळले. "बघितलीस? एवढं शिकून हिचं कोण ऐकलं? चल घरी."

आता मी शिकवते त्या कॉलेजात मुली तेच विचारतात, काय काय लागतं? मी सगळं सांगते. ऐकणारा बाप लागतो, एवढं तोंडातच राहतं.