गनीनानाचा कान

सोनगीरच्या गनीनानाचा कान म्हणजे काय कान होता! विहिरीवरचं ऑइल इंजन बांधावरूनच ऐकायचा आणि सांगायचा, "नोजलमध्ये कचरा आहे." उघडून बघावं, तर तेच. पार दोंडाईच्याहून लोक बैलगाडीत इंजन घालून आणायचे. ते दिवस गेले, आणि त्याच मेल्या इंजनांनी नानाचा कानही खाल्ला.

पोरगा हसीब वाईट नाही, पण तोंडाचा फटकळ. "अब्बा, ऐकूच येत नाही तर मिस्त्रीपणा कसला? दुकान भाड्यानं देऊन टाकू." नानाही पेटला. "माझ्या हातून एक जरी मशीन तसंच परत गेलं, तर चावी तुझी!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेतकरी झुलालभाऊ टेम्पो घेऊन हजर. बैलजोडी विकून टाकलेली. गेल्या वर्षापासून पोळ्याला ट्रॅक्टर धुवायचा, त्यालाच घुंगरमाळ घालून मिरवायचं. त्यासाठी घेतलेलं, पाण्याचा फवारा मारणारं पेट्रोलचं वॉशर त्यानं उतरवलं आणि नानाच्या कानाशी ओरडला, "मशीन चालू शे, पन पानीले जोर नही! सकाय पोया शे, नाना!"

नानानं आधी पाणी ओढणाऱ्या तोंडाची जाळी काढली. आत सरकीच्या पेंडीचा लगदा! शहाण्यानं पाइप बैलांच्या जुन्या हौदात सोडला होता. तो वास आला आणि झुलालभाऊचे डोळे भरले. "मन्हा सरज्यानी पेंड, नाना," एवढंच बोलला. नानाला ऐकू गेलं नाही, पण कळलं.

टाकीतलं पेट्रोलही गेल्या पोळ्याचं, शिळं. ते ओतून टाकलं, कार्बोरेटर साफ केला, दोरी ओढली. इंजन चढायचं, पडायचं, फवाराही तसाच. आता राहिला एक स्क्रू. तो जरा जरा फिरवत इंजनाचा आवाज सरळ करायचा, म्हणजे निव्वळ कानाचं काम.

नानाला हाताखालची थरथर तेवढी कळत होती. दोनदा फिरवला, दोनदा चुकला. हसीब हाताची घडी घालून उभा. चाळीस वर्षांचं दुकान, आणि अडलं कुठं, तर एका स्क्रूपाशी!

एवढ्यात दुकानामागच्या घराच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेल्या त्याच्या बायकोनं, अमिनाबीनं, हात वर केला. बोटांनी दाखवलं, अजून थोडा. मग हात हलवला, फार झाला, मागे घ्या. मग पंजा उघडला, बस्स!

झुलालभाऊनं खटका दाबला. फवारा असा सुटला की दुकानापुढच्या फरशीवरचं वर्षानुवर्षांचं काळं ऑइल निघून आलं.

नाना बायकोकडे बघतच राहिला. "तुला गं कसं कळलं?"

ती उठून जवळ आली आणि त्याच्या कानात ओरडली, "चाळीस वर्षं तुमची इंजनंच तर ऐकली! तुम्ही बोलत होतात का कधी?"

हसीबनं घरातून आईसाठी दुसरं स्टूल आणलं आणि नानाच्या स्टुलाशेजारी ठेवलं.