दोन डोंगल आणि एक रविवार

डिप्लोमा झाल्यावर नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसला हंगामी म्हणून चिकटले. कोणता कारखाना ते सांगत नाही. ज्याला त्याला तो आपल्याच तालुक्यातला वाटेल, आणि कुणाचंच फारसं चुकणार नाही.

मला कायम व्हायचं होतं. कायम झाल्यावर क्वार्टर मिळायचं, आईला माझ्याकडे आणता आलं असतं आणि माझं लग्न हा नातेवाइकांचा आवडता विषय थोडा मागे पडला असता. माझे वरिष्ठ म्हणजे चीफ इंजिनिअर. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "काम चांगलं करतेस. पण इथे कायम व्हायला माणूस कुणाचा तरी असावा लागतो."

कारखान्यात गट दोनच, चेअरमनचा आणि व्हाइस चेअरमनचा. दोघे सख्खे चुलतभाऊ, दोघांची शेती एकाच विहिरीवर. गेटवरच्या वॉचमनपासून कॅन्टीनमध्ये भजी तळणाऱ्यापर्यंत प्रत्येकजण एकाचा नाहीतर दुसऱ्याचा होता. मी नगरहून आलेली, वडील एसटीत कंडक्टर. त्यामुळे मी कुणाचीच नव्हते, आणि मला वाटायचं, ही माझी जमेची बाजू आहे.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता. त्याच्यासाठी खोलीला एसी बसवला होता आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर होतं खरं, पण प्रत्येक नट-बोल्ट रेघ रेघ ओढून काढावा लागे. बाजारात तेव्हा नुकतीच ॲड-ऑन मिळू लागली होती. मूळ सॉफ्टवेअरला ही पुरवणी जोडली की नुसतं माप सांगायचं, बोल्ट तयार. आपल्याला असं एखादं घ्यावं, हा अर्ज माझाच. पुण्याहून दोन कंपन्यांची माणसं येऊन आपापलं दाखवून गेली. मी दोन्ही नीट तपासली आणि खरं ते लिहिलं, 'दोन्हींपैकी कोणतंही एक चालेल.'

इतकं बेजबाबदार वाक्य त्या कारखान्यात त्याआधी कुणी लिहिलं नसावं. कोणतंही चालेल म्हणजे काय? ठरवायचं कुणी? शेवटी संचालक मंडळ स्वतःच बघायला आलं. एसीच्या खोलीबाहेर कोल्हापुरी चपलांचा ढीग लागला.

"ह्यानं गाळप वाढंल का?" चेअरमननी विचारलं.

"सर, प्रॉडक्टिव्हिटी वाढेल," पहिला माणूस म्हणाला.

"ती कुठं दिसती?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. सगळे संचालक वाकून बघू लागले. पडद्यावर एक बोल्ट उमटला. दुसऱ्या कंपनीच्या माणसाने तसाच बोल्ट काढला आणि वर तो गरागरा फिरवून दाखवला.

"फिरतोय म्हंजी ह्यात दम हाय," व्हाइस चेअरमन म्हणाले.

"बोल्ट फिरला म्हंजी ढिला झाला," चेअरमन म्हणाले. "आमाला घट्ट पायजे."

मग दोन्ही घेतली. प्रत्येकाबरोबर एक डोंगल आलं. हे काड्यापेटीएवढं डबडं कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावल्याशिवाय ॲड-ऑन चालू होत नसे, आणि दोन्ही एकदम लावली की कॉम्प्युटरच मान टाकायचा. हे मी सभेत उभं राहून सांगितलं. वाटलं, आता तरी एक परत करतील.

"त्यात काय एवढं?" व्हाइस चेअरमन म्हणाले. "आमच्या हिरीवर मोटार एकच हाय. वार लावून घेतल्यात. तसंच लावा."

"सोमवार ते बुधवार आमचा," चेअरमन लगेच म्हणाले.

दोघांचं इतक्या झटपट पटलेलं चीफ इंजिनिअरनी कधी पाहिलं नव्हतं. एक डोंगल चेअरमनच्या पीएच्या ड्रॉवरमध्ये गेलं, दुसरं स्टोअरकीपरकडे, कारण तो व्हाइस चेअरमनचा माणूस. बुधवारी संध्याकाळी पीए येऊन आपलं काढून न्यायचा आणि गुरुवारी सकाळी स्टोअरकीपर आपलं घेऊन यायचा.

एकात काढलेलं दुसऱ्याला वाचता येत नसे. बोल्टच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत. म्हणून सोमवारी काढलेलं गुरुवारी पुन्हा काढायचं. त्यातच दोन्हीकडून विचारणा सुरू झाली, आमच्यावर किती ड्रॉइंग निघाली आणि त्यांच्यावर किती. मग मी एकाच गिअरची दोन-दोन ड्रॉइंग काढून आकडे सारखे ठेवू लागले. प्रॉडक्टिव्हिटी खरोखरच दुप्पट झाली. पुण्याच्या माणसांनी तेवढं खोटं सांगितलं नव्हतं.

दसरा जवळ आला, गाळप सुरू व्हायला थोडेच दिवस उरले, आणि एका शनिवारी ऊस आत नेणाऱ्या कॅरियरच्या शाफ्टला चीर सापडली. नगरच्या एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला नवा शाफ्ट करून द्यायला तयार होता, पण त्याला ड्रॉइंग सोमवारी सकाळी हातात हवं होतं. शनिवार व्हाइस चेअरमनचा, पण तो संपत आला होता, आणि सोमवार चेअरमनचा. एकाच्या वाराला सुरू केलेलं दुसऱ्याच्या वाराला पुरं झालं असतं, तर ते दोघांचंही झालं नसतं. चीफ इंजिनिअरांचा चेहरा उतरला. "हे वेळेत जाऊ दे," ते म्हणाले, "कायम करण्यासाठी तुझं नाव मी स्वतः काढतो." आणि त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

मी रविवारी गेले. दोन्ही डोंगल कुलपात होती. नुसत्या सॉफ्टवेअरवर, पूर्वीसारखी रेघ रेघ ओढत, बोल्टसकट अख्खा शाफ्ट काढला. मधे कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही. कारखान्यात इतका आनंद मला त्या एकाच दिवशी झाला. संध्याकाळच्या एसटीने ड्रॉइंग नगरला गेलं आणि शाफ्ट वेळेत आला.

मोळी टाकून गाळप सुरू करायच्या दिवशी दोघा भावांनी मिळून उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकली. कॅरियर कुरकुर न करता सरकू लागला. दोघेही खुशीत होते. चेअरमननी मला पुढे बोलावलं.

"बाई, काम झ्याक झालं. कुणाच्या वाराला झालं हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चीफ इंजिनिअर आपल्या बुटांकडे बघत होते. एक नाव घेतलं की मी कायम, हे मला स्वच्छ दिसत होतं. दोन्ही नावं जिभेवर आली, आणि मग त्या रिकाम्या दिवसाची आठवण आली.

"रविवारी," मी म्हणाले.

"रविवार कुनाला दिल्ता?" व्हाइस चेअरमननी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मंग डोंगल कुनी दिलं?"

"डोंगल न लावताच केलं."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या विहिरीवर कुणी तिऱ्हाईताने आपलं शेत भिजवून घेतलं असतं, तरी त्यांनी असंच पाहिलं असतं.

पुढच्या सभेत दोन ठराव झाले. एक, रविवार आलटून पालटून वाटून घ्यावा. दुसरा ठराव चीफ इंजिनिअरनी मला एसीच्या खोलीबाहेर, चपला न काढता, उभ्या उभ्या सांगितला. "मी तुझं नाव काढलं. चेअरमननी विचारलं, कुणाची हाय? मी म्हणालो, कुणाचीच नाही. तर व्हाइस चेअरमन म्हणाले, मंग ऱ्हाऊ द्या." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला. तो राग अजून आहे.

हंगाम संपल्यावर मी नगरला त्या वर्कशॉपवाल्याकडे गेले. शाफ्टचं ड्रॉइंग अजून त्याच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्याने चहा मागवला.

"आम्ही पण ॲड-ऑन घ्यायचं म्हणतोय. कोणतं घेऊ?"

जुनंच वाक्य तोंडात आलं. जरा भीतभीतच म्हणाले, "कोणतंही चालेल."

"बरं," तो म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला. इतक्या दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही रविवारी एकट्या बसून काम करता म्हणे," तो पुढे म्हणाला. "आमच्याकडे रविवार चालूच असतो. आणि एक आधीच सांगून ठेवतो, कायमबियम इथे कुणीच नसतं."

मी चहा संपवला आणि विचारलं, "येत्या रविवारपासून येऊ का?"