कार्डावरचं नाव

मणिपूर सीमेवर आमच्या बटालियनचा तळ होता. मी हवालदार क्लार्क. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, बी.ए. इतिहास, परभणी. म्हणून सीओ साहेबांनी मोटिव्हेशन हॉलमध्ये, म्हणजे पलटणीच्या संग्रहालयात, मांडलेल्या जुन्या शस्त्रांची माहितीची कार्डं लिहायला मला सांगितलं. या कामाबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

दर दसऱ्याला पूजेत सगळ्यांच्या पुढे ठेवली जाणारी एक तलवार होती. लांब मूठ, दोन्ही हातांनी धरायची. सगळे तिला जपानी म्हणत. मीही तसंच लिहिलं.

नाईक सुदाम आमच्याच जिल्ह्यातल्या चुडाव्याचा, लोहाराच्या घरचा, शिक्षण आठवी. पुसायला घेतलेली तलवार त्यानं उलटसुलट करून पाहिली.

"साब, ह्ये जपानी न्हाई. मुठीम्होरं चकती न्हाई, अन् ती बसायला जागाबी न्हाई. मूठ गोल हाय. बाजारात सीमेपलीकडचे लोक असलीच पाती आणतेत."

हे कानावर गेल्यावर सीओ साहेबांनी तलवारीचे फोटो एका जाणकाराकडे पाठवले. उत्तर आलं: ब्रह्मदेशी 'धा'. सुभेदार साहेब सर्वांसमोर म्हणाले, "बी.ए., आता लोहाराकडं शिकवणी लावा." सगळे हसले. सुदाम हसला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

नवं कार्ड मी लिहिलं. 'ओळख पटवली' यापुढे माझं नाव टाकलं.

सुदामनं ते वाचलं. "माजं राहिलं का, साब? बापाला फोटो धाडायचा व्हता."

जागा पुरली नाही, असं मी सांगितलं. गस्तीवरून आलास की बदलतो, म्हणालो.

गस्त ०५३० ला निघाली. ०७१० ला मी डाक घेऊन ऑप्स रूममध्ये वायरलेसपाशी होतो.

"कंट्रोल, अल्फा वन. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी, फेटल. ओव्हर."

"नंबर सांगा. ओव्हर."

कंपनीतल्या प्रत्येक जवानाचा नंबर मला पाठ होता. शेवटचे दोन आकडे मी ऐकले नाहीत. गरज नव्हती.

त्याच दिवशी सीओ साहेबांना सगळं खरं सांगितलं आणि कार्ड बदललं. रजेत तलवारीचा आणि कार्डाचा फोटो घेऊन चुडाव्याला गेलो. त्याच्या वडिलांनी आधी पातं न्याहाळलं, मग नाव कुठं आहे विचारलं. मी त्यांचं बोट धरून 'नाईक सुदाम' वर ठेवलं.

"अन् ह्ये खालचं?"

कार्ड लिहिणाऱ्याचं नाव. तेवढं मला सोडवलं नव्हतं.

"माझं," मी म्हणालो.

"मंजी तुमी त्याच्या संगं व्हता," ते म्हणाले, आणि घरात चहा सांगितला.