दाराला बांधलेला कडुलिंब
पाडव्याला कडुलिंब खुडताना त्याचा वास हाताला लागतो आणि मला लेकीचा तो ताप आठवतो. मुरुडला सासरी होते, लेक तान्ही. अंगभर पुरळ, डोळे लालभडक, ओठ फुटलेले. सासूबाईंनी दाराला कडुलिंब बांधला. "गोवर हाय, देवीचं काम. सुई टोचायची न्हाई." मी रडायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, "लातूरच्या डॉक्टरला फोन केल्ता मी, त्येबी गोवरच म्हणले." मग मी डॉक्टरकडे न्यायचा हट्ट सोडला. ताप उतरला, बोटांची सालं निघाली, तशी देवी गेली म्हणून सासूबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला. त्याच संध्याकाळी रडताना लेकीचं तोंड एका बाजूला ओढलं जायला लागलं. तिला लातूरला त्याच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिच्या हृदयाची तपासणी केली. म्हणाले, "हा गोवर नाही, कावासाकी नावाचा आजार आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगल्यात, चेहऱ्याची नसही दुखावलीय. तापातच आणायला हवं होतं." "तुम्हीच तर फोनवर गोवर म्हणालात!" "मला कुणाचाच फोन आला नाही, बाई." नवऱ्यानं हातातला मोबाइल खिशात सारला. लेकीचं हसू आता सरळ झालंय, रक्त पातळ करायची गोळी मात्र रोज चालू आहे. आणि आजही तो "फोन केला" म्हणाला की मी हात पुढे करते, आणि तो मोबाइल माझ्या हातावर ठेवतो.